विश्लेषण : घोट्यावरच्या पट्ट्याने लघवीची घाई थांबते का?

एसटीने लांब जायचे म्हटले की आदल्या रात्रीपासून पाणी कमी प्यायचे, सकाळचा चहा टाळायचा, स्थानकात उतरल्याबरोबर आधी स्वच्छतागृह शोधायचे. लघवीची घाई अनावर होणाऱ्या अनेकांची ही सवय होऊन बसते. त्रास वर्षानुवर्षे चालतो, पण घरातही त्याबद्दल बोलले जात नाही. अशा रुग्णांसाठी घोट्याला बांधायची आणि तिथल्या मज्जातंतूला हलका विद्युतप्रवाह देणारी उपकरणे गेल्या काही वर्षांत अमेरिकेत वापरात आली आहेत. सुई नाही, शस्त्रक्रिया नाही आणि दर आठवड्याला दवाखान्याची फेरीही नाही. लातूर जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, नांदेडच्या सीमेवर असलेल्या जळकोटसारख्या तालुक्याला या तंत्राचा उपयोग काय आणि त्याच तत्त्वावर आपल्याकडे काय मिळू शकते, हे समजून घेण्यासारखे आहे.

हा आजार नेमका कोणता?

निरोगी प्रौढ व्यक्तीच्या मूत्राशयात साधारण ४०० ते ५०० मिलिलिटर लघवी मावते. दीडशे-दोनशे मिलिलिटर साठले की पहिली जाणीव होते, पण माणूस ती सहज पुढे ढकलू शकतो. काही जणांत मात्र मूत्राशय भरण्याआधीच त्याचे स्नायू आकुंचन पावू लागतात. मग अचानक, थांबवता न येणारी घाई होते. दिवसातून आठपेक्षा जास्त वेळा जावे लागते, रात्री झोप मोडून उठावे लागते आणि कधी कधी न्हाणीघराच्या दारापर्यंत पोहोचण्याआधीच कपडे ओले होतात. जंतुसंसर्ग किंवा दुसरे उघड कारण नसताना ही लक्षणे असतील, तर डॉक्टर त्याला ‘अतिक्रियाशील मूत्राशय’ म्हणतात.

हा आजार दुर्मीळ नाही. कॅनडा, जर्मनी, इटली, स्वीडन आणि ब्रिटन या पाच देशांत झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत दर १०० प्रौढांपैकी सुमारे १२ जणांना तो आढळला. पुरुष आणि स्त्रियांतले प्रमाण जवळजवळ सारखेच होते. म्हणजे हा फक्त बायकांचा किंवा फक्त म्हातारपणाचा त्रास आहे, ही समजूत खरी नाही.

खोकताना, शिंकताना किंवा डोक्यावर ओझे उचलताना थेंब-थेंब लघवी होणे हा मात्र वेगळा प्रकार आहे. त्यात ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल झालेले असतात. बाळंतपणानंतर तो अनेकींना जाणवतो. त्यावरचा पहिला उपाय म्हणजे त्या स्नायूंचा व्यायाम. घोट्यावरच्या पट्ट्याचा त्याच्याशी संबंध नाही.

घोट्याचा आणि मूत्राशयाचा संबंध काय?

पायाच्या आतल्या बाजूने, घोट्याच्या हाडामागून ‘टिबियल’ नावाचा मज्जातंतू तळपायाकडे जातो. त्याचे मूळ कमरेखाली, पाठीच्या कण्याच्या शेवटच्या भागात आहे. मूत्राशयाला ‘आता थांब’, ‘आता मोकळा हो’ असे निरोप देणारे तंतूही त्याच भागातून निघतात. गावाकडे एकाच रोहित्रावरून दोन वस्त्यांना वीज जाते, तसाच हा प्रकार. घोट्याजवळ दिलेला सौम्य प्रवाह मज्जातंतूतून वर चढतो, मज्जारज्जूपर्यंत जातो आणि मूत्राशयाच्या अवेळी होणाऱ्या आकुंचनावर लगाम घालतो. मेंदू आणि मूत्राशय यांच्यातल्या निरोपांची देवाणघेवाण त्यामुळे हळूहळू सुधारते, असे मानले जाते.

‘हळूहळू’ हा शब्द इथे महत्त्वाचा. डोकेदुखीच्या गोळीसारखा तासाभरात फरक पडत नाही. परिणाम जाणवायला सहसा सहा ते आठ आठवडे जातात.

हे तंत्र आले कुठून?

चिनी अॅक्युपंक्चरमध्ये घोट्याच्या वर, आतल्या बाजूला असलेला एक बिंदू लघवीच्या तक्रारींसाठी वापरला जात असे. अमेरिकी मूत्ररोगतज्ज्ञ एडवर्ड मॅग्वायर यांनी १९८३ मध्ये त्याच भागातल्या मज्जातंतूला त्वचेवरून विद्युतप्रवाह देऊन रुग्णांवर उपचार केल्याचे प्रसिद्ध केले. पुढे सॅन फ्रान्सिस्कोचे डॉ. मार्शल स्टोलर यांनी बारीक सुई वापरण्याची पद्धत विकसित केली. घोट्याच्या वर सुई टोचायची, तिला यंत्राची तार जोडायची आणि अर्धा तास प्रवाह द्यायचा. आठवड्यातून एकदा, असे बारा आठवडे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने म्हणजे एफडीएने २००० मध्ये या पद्धतीला परवानगी दिली.

याआधी, १९९७ मध्ये, कमरेखालच्या मज्जातंतूजवळ शस्त्रक्रियेने यंत्र बसवण्याच्या पद्धतीलाही मान्यता मिळाली होती. ती परिणामकारक आहे, पण महाग आहे आणि त्यासाठी शस्त्रक्रिया लागते. सुईच्या पद्धतीत शस्त्रक्रिया टळली, तरी दवाखान्याच्या बारा फेऱ्या आणि त्यानंतर साधारण महिन्याला एक फेरी कायम राहिली. घरी वापरायच्या उपकरणांचा जन्म या फेऱ्या टाळण्याच्या गरजेतून झाला.

घरी वापरायची उपकरणे कोणती?

‘झिडा’ नावाच्या मोज्यासारख्या उपकरणाला एफडीएने २०२१ मध्ये परवानगी दिली. २०२३ मध्ये ‘व्हिव्हॅली’ या घोट्याच्या पट्ट्याला परवानगी मिळाली. पट्ट्याच्या आत विद्युतप्रवाह वाहून नेणारे कापड असते. अर्ध्या तासाचे एक सत्र, गरजेप्रमाणे आठवड्यातून एक ते तीन वेळा. मज्जातंतू खरोखर उत्तेजित होतो आहे की नाही, हे पट्टाच पायाच्या स्नायूंच्या प्रतिसादावरून ओळखतो आणि प्रवाह कमी-जास्त करतो. तो मोबाइलवरच्या अॅपला जोडलेला असतो आणि लघवीची नोंदवहीही त्याच अॅपमध्ये ठेवता येते. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय तो मिळत नाही.

त्वचेखाली बसवायची छोटी यंत्रेही आली आहेत. नाण्याएवढ्या ‘ई-कॉइन’ला २०२२ मध्ये आणि बाहेरून बांधलेल्या पट्ट्यातून ऊर्जा घेणाऱ्या ‘रेव्ही’ला २०२३ मध्ये परवानगी मिळाली. ही दोन्ही यंत्रे घोट्याजवळ छोटी शस्त्रक्रिया करून बसवतात. त्यामुळे ती ‘बांधा आणि वापरा’ या प्रकारात मोडत नाहीत.

फायदा किती? पुरावा काय सांगतो?

सर्वात भक्कम पुरावा सुईच्या पद्धतीचा आहे. अमेरिकेत २२० रुग्णांवर झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत निम्म्या रुग्णांना खरा उपचार दिला गेला आणि निम्म्यांना हुबेहूब तसाच भासणारा खोटा उपचार. बारा आठवड्यांनंतर खरा उपचार घेतलेल्यांपैकी सुमारे ५५ टक्के रुग्णांनी ठळक सुधारणा सांगितली. खोट्या उपचाराच्या गटात हे प्रमाण सुमारे २१ टक्के होते. या आकड्यांचे दोन अर्थ निघतात. उपचाराला परिणाम आहे. आणि तो सगळ्यांना लागू पडत नाही. शंभरातल्या जवळपास निम्म्या रुग्णांना पुरेसा फरक जाणवलाच नाही.

त्वचेवर चिकटवलेल्या पट्ट्यांचा पुरावा त्याहून मिश्र आहे. छोट्या अभ्यासांत चांगले निकाल दिसले, पण ब्रिटनमध्ये वृद्धाश्रमांतल्या चारशेहून अधिक रहिवाशांवर झालेल्या ‘इलेक्ट्रिक’ नावाच्या चाचणीत खऱ्या आणि खोट्या उपचारात फरक आढळला नाही. त्या चाचणीतले बहुतेक जण खूप वृद्ध होते. अनेकांना स्मृतिभ्रंश किंवा चालण्याची अडचण होती. तो निकाल धडधाकट पन्नाशीतल्या माणसाला जसाच्या तसा लागू होईलच असे नाही. तरीही ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत, त्वचेवरून दिल्या जाणाऱ्या या उपचाराची शिफारस करण्याइतका पुरावा नसल्याचे म्हटले होते.

म्हणून ‘शंभर टक्के गॅरंटी’ देणारी कोणतीही जाहिरात खोटी समजावी. तोटा मात्र या उपचारात कमी आहे. त्वचा लाल होणे, मुंग्या येणे, पट्टीच्या जागी खाज येणे एवढेच त्रास सहसा होतात. गोळ्यांचे तसे नाही. या आजारावरच्या सॉलिफेनासिन, टॉल्टेरोडिनसारख्या गोळ्यांनी तोंड कोरडे पडते, बद्धकोष्ठता होते. वयस्कर रुग्णांत त्या दीर्घकाळ दिल्या, तर स्मरणशक्तीवर परिणाम होण्याची भीती असते. मिराबेग्रॉन या दुसऱ्या प्रकारच्या गोळीत हा धोका कमी असला, तरी रक्तदाबावर लक्ष ठेवावे लागते. त्यामुळे गोळ्या सोसत नाहीत अशा रुग्णासाठी घोट्याचा उपचार करून पाहण्याजोगा ठरतो.

जळकोटसाठी याचे महत्त्व काय?

जळकोटला रेल्वे नाही. तालुक्यातल्या वाड्या-तांड्यांवरच्या रुग्णाला आधी जळकोट, मग उदगीर आणि मूत्ररोगतज्ज्ञ हवा असेल तर लातूर किंवा नांदेड गाठावे लागते. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना एसटीचा प्रवास मोफत आहे आणि मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे तिकीट आहे. त्यामुळे भाड्याचा भार हलका झाला. पण बारा आठवड्यांच्या बारा फेऱ्या म्हणजे बारा दिवसांची मजुरी बुडणे. सोबत कोणी गेले, तर चोवीस दिवसांची. त्यातही या आजाराची खास अडचण अशी की उपचारासाठी करायचा प्रवासच रुग्णाला सर्वात अवघड वाटतो. भरल्या गाडीत चालकाला ‘जरा थांबवा’ म्हणायची लाज वाटते. थांबवली तरी रस्त्याकडेला बाईने जायचे कुठे, हा प्रश्न उरतो.

दरवर्षी ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची परिस्थिती याहून कठीण. पाच-सहा महिने मुक्काम कोपीत, स्वच्छतागृह नाही, दिवसभर उन्हात काम आणि लघवीला जावे लागू नये म्हणून कमी पाणी. कमी पाण्याने लघवी दाट होते, मूत्राशयाची आग वाढते, जंतुसंसर्ग वारंवार होतो आणि घाईही वाढते. अशा बाईला दर आठवड्याला एकाच दवाखान्यात यायला सांगणे म्हणजे उपचार नाकारण्यासारखेच आहे.

चुकीच्या उपचाराचा धोकाही खरा आहे. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीत सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले होते. त्यांतल्या अनेकींचा त्रास साध्या उपचारांनी बरा होण्यासारखा असावा, अशी चिंता तेव्हा व्यक्त झाली होती. लघवीची घाई हे गर्भाशय काढण्याचे कारण नाही. त्या शस्त्रक्रियेने अतिक्रियाशील मूत्राशय बरे होत नाही.

आपल्याकडे काय मिळू शकते?

परदेशी पट्टा ऑनलाइन मागवण्याच्या भानगडीत पडण्याची गरज नाही. तो महाग आहे, चिठ्ठीवर मिळणारा आहे आणि बिघडला तर दुरुस्त कोण करणार? त्याच मज्जातंतूला तोच सौम्य प्रवाह देणारे साधे यंत्र फिजिओथेरपी विभागांत पूर्वीपासून आहे. त्याचे नाव ‘टेन्स’. कंबरदुखी, गुडघेदुखीसाठी ते सर्रास वापरले जाते. घरी वापरायचे, बॅटरीवर चालणारे छोटे टेन्स यंत्र काही हजार रुपयांत मिळते. बॅटरीवर चालत असल्याने भारनियमनाचा प्रश्न नाही. त्याला अॅप लागत नाही, हीदेखील सोयच. घरात एकच स्मार्टफोन आणि तोही मुलाच्या हातात असेल, तर अॅपवर लघवीच्या नोंदी ठेवायला कोणती सासू किंवा सून तयार होईल?

पद्धत अशी : एक चिकटपट्टी घोट्याच्या आतल्या हाडामागे, दुसरी त्याच रेषेत सुमारे १० सेंटिमीटर वर. प्रवाहाची वारंवारिता १० ते २० हर्ट्झ, स्पंदाची रुंदी २०० मायक्रोसेकंद, वेळ ३० मिनिटे. प्रवाह हळूहळू वाढवत न्यायचा. तळपायात मुंग्या आल्या किंवा पायाचा अंगठा किंचित वाकला, की पट्टी बरोबर जागी बसली असे समजायचे. दुखेल इतका प्रवाह कधीही द्यायचा नाही. आठवड्यातून किती वेळा आणि किती आठवडे, हे डॉक्टर ठरवतात.

मात्र टेन्स यंत्राच्या डब्यावर ‘लघवीसाठी’ असे लिहिलेले नसते आणि दुखण्यासाठी ठरवलेले बटण इथे चालेलच असे नाही. त्यामुळे पहिली एक-दोन सत्रे फिजिओथेरपिस्टसमोरच घ्यावीत. पट्टी कुठे लावायची त्या दोन जागांवर पेनाने खूण करून घ्यावी, मोबाइलने फोटो काढून ठेवावा. यंत्र विकत घेताना परवाना क्रमांक आणि पक्के बिल पाहावे. भारतात वैद्यकीय उपकरण नियम २०१७ मध्ये आले आणि १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषध कायद्याच्या कक्षेत आहेत. बिनपरवाना यंत्र स्वस्त पडले, तरी घेऊ नये.

कोणी वापरू नये?

हृदयात पेसमेकर किंवा तत्सम यंत्र बसवलेल्यांनी हा उपचार घेऊ नये. गर्भवतींनीही टाळावा. फिट येणाऱ्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवात करू नये. घोट्याजवळ जखम, इसब किंवा धातूची पट्टी बसवलेली असेल, तर आधी तपासणी हवी. जुना मधुमेह असलेल्यांनी विशेष काळजी घ्यावी. पायाची संवेदना कमी झाली असेल, तर प्रवाह किती झाला ते कळत नाही आणि त्वचा भाजू शकते. शिवाय मज्जातंतूच दुबळा झाला असेल, तर फायदाही कमी होतो.

यंत्राआधी काय करावे?

लघवीची घाई हे अनेक आजारांचे लक्षण असते. मधुमेह, जंतुसंसर्ग, मुतखडा, पुरुषांत वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी, सगळ्यांची तक्रार ‘सारखे जावे लागते’ अशीच असू शकते. प्रोस्टेटमुळे मूत्राशय नीट रिकामे होत नसेल आणि भरून सांडत असेल, तर पट्टा लावून महिने घालवणे धोक्याचे ठरते. मूत्रपिंडावर त्याचा ताण येतो. म्हणून तीन साध्या तपासण्या आधी व्हायला हव्यात : लघवीची तपासणी, रक्तातली साखर आणि लघवी करून आल्यावर आत किती उरते हे पाहणारी सोनोग्राफी.

लघवीत रक्त, ताप आणि कंबरदुखी, लघवी अजिबात न होणे, पायांत अचानक अशक्तपणा, ही लक्षणे असतील तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. अवघड बाळंतपणानंतर किंवा शस्त्रक्रियेनंतर रात्रंदिवस लघवी गळत असेल, तर मूत्राशयाला छिद्र पडलेले असू शकते. त्यावर बहुतेक वेळा शस्त्रक्रिया करावी लागते आणि ती यशस्वी होऊ शकते.

निदान पक्के झाल्यावरही पहिली पायरी यंत्राची नाही. तीन दिवस वहीच्या पानावर नोंद ठेवावी : किती वाजता गेलो, किती प्यायलो, कधी गळती झाली. ही नोंद पाहून डॉक्टरांचे अर्धे काम होते. चहा-कॉफी कमी करावी, तंबाखू सोडावी, बद्धकोष्ठता घालवावी. पाणी मात्र तोडू नये. दिवसभर थोडे थोडे प्यावे, झोपण्याआधी दोन-तीन तास कमी करावे. घाई झाली की धावत न सुटता थांबून, ओटीपोटाचे स्नायू पाच-सहा वेळा आवळावेत आणि लाट ओसरल्यावर जावे. दर आठवड्याला दोन वेळांमधले अंतर दहा-पंधरा मिनिटांनी वाढवत न्यावे. अनेकांना एवढ्यावरच आराम पडतो. उरलेल्यांसाठी गोळ्या किंवा घोट्याचा उपचार.

दाखवायचे कुठे?

सुरुवात जळकोटच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात करता येते. लघवीची आणि साखरेची तपासणी तिथे होते. सोनोग्राफीसाठी उदगीरला जावे लागू शकते. तज्ज्ञांच्या सल्ल्यासाठी लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आणि नांदेडजवळ विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. केंद्र सरकारच्या ‘ई-संजीवनी’ सेवेवरून डॉक्टरांशी मोबाइलवर बोलता येते. समोरासमोर सांगायला संकोच वाटणाऱ्यांना हा मार्ग सोपा वाटू शकतो.

दवाखान्यात गेल्यावर ‘अशक्तपणा आहे’, ‘कंबर दुखते’ असे सांगून मूळ तक्रार लपवली जाते, असा अनेक डॉक्टरांचा अनुभव आहे. आशा ताईंशी आधी बोलून ठेवले, तर ही अडचण कमी होते. डॉक्टरांना सरळ तीन गोष्टी सांगाव्यात : दिवसात किती वेळा, रात्री किती वेळा आणि कपडे ओले होतात का.

आरोग्य यंत्रणेलाही यातून एक स्वस्त वाट दिसते. निदान एकदा मोठ्या रुग्णालयात, पट्टी लावायला शिकवण्याची दोन सत्रे उदगीर किंवा जळकोटच्या पातळीवर, पुढचे दहा आठवडे रुग्णाच्या घरी आणि शेवटी नोंदीची वही घेऊन एक फेरी. बारा फेऱ्यांच्या जागी चार. त्यासाठी नवे महागडे यंत्र लागत नाही. शिकवणारा एक फिजिओथेरपिस्ट, उसने देता येतील अशी काही टेन्स यंत्रे आणि बारा आठवड्यांनी फरक पडला नाही तर उपचार बदलण्याची तयारी, एवढे पुरे.